बागेच्या कोपऱ्यातला स्केट पार्क: नकाशाआधी नमुना मागा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकमध्ये तुम्ही दहा-बारा मुलंमुली स्केटबोर्ड चालवता. हक्काची जागा नाही, पार्किंगमधून वॉचमन हाकलतो, रस्त्यावर भीती वाटते. आता प्रभागातल्या नगरसेवकांनी बागेचा ३० बाय ६० फुटांचा कोपरा द्यायची तयारी दाखवली आहे आणि कनिष्ठ अभियंता म्हणतोय, ‘नकाशा आणा, एस्टिमेट करतो.’ जागा पुरेल का, काँक्रीट की लोखंडी रॅम्प, खर्च किती आणि महापालिकेला नेमकं काय लिहून द्यायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत काँक्रीटच्या फरशा घालण्यात बरीच वर्षं गेली. तिथूनच स्केट पार्कच्या कामांकडे वळलो: काही नवीन बांधले, काही बिघडलेले दुरुस्त केले. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची अडचण जागेची नाही आणि पैशाचीही फारशी नाही. हे काम कोणत्या शब्दांत कागदावर उतरतं आणि शेवटी कोणाच्या हातात जातं, खरा प्रश्न तिथे आहे.

पहिली गोष्ट, ‘स्केटिंग’ हा शब्द जपून वापरा. आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की चार चाकांचे बूट घालून रिंकवर गोल फेऱ्या मारणारी मुलं डोळ्यांसमोर येतात. अधिकारीही तेच समजतो आणि सपाट रिंक करून देतो. तुम्हाला हवे आहेत चढ, वळणं, कडा. म्हणून पहिल्या अर्जापासून ‘स्केटबोर्डिंग पार्क’ लिहा आणि सोबत चार फोटो लावा. हा खेळ टोकियो ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, २०२४ ला पॅरिसमध्येही होता, हे एका वाक्यात लिहा. टोकियोत महिलांच्या स्ट्रीट (पायऱ्या, कठडे, कडांवरच्या) प्रकारात सुवर्ण मिळवणारी जपानची मोमिजी निशिया १३ वर्षांची होती, हेही लिहा. २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही स्केटबोर्डिंग होतं. फाइल ज्या टेबलावर जाते तिथल्या माणसाला ‘हा खेळ आहे, टवाळी नव्हे’ एवढं कळलं की पुढचं सोपं जातं.

आता काम बिघडतं कसं, ते सांगतो. महापालिकेचं एस्टिमेट सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीवर चालतं. तिच्यात खोदाई आहे, मुरूम भराव आहे, वीटकाम, गिलावा, ट्रिमिक्स (जादा पाणी शोषून यंत्राने घोटलेली काँक्रीटची फरशी), पेव्हर ब्लॉक आहे. ‘वक्र काँक्रीट रॅम्प, ठरावीक त्रिज्येचा, गुळगुळीत घोटाईसह’ असं काही तिच्यात सापडत नाही. मग अभियंता, मनात काही वाईट नसताना, जवळची आयटम उचलतो. रॅम्प म्हणजे वीटकाम आणि वर गिलावा. सपाट भाग म्हणजे पेव्हर. निविदा निघते, सर्वांत कमी दराचा ठेकेदार काम घेतो, आणि तो तेच बांधतो जे कागदावर आहे.

असा एक पार्क मी पाहिला आहे. शहराचं नाव घेत नाही. उद्घाटनानंतर एक पावसाळा गेला आणि मला दुरुस्तीला बोलावलं. रॅम्पवर नाण्याने टकटक केलं तर अर्ध्या जागी पोकळ आवाज. विटांवरून गिलावा सुटला होता, हाताएवढे पोपडे निघाले होते. वरच्या काठाचा पाइप गिलाव्यात इतका बुडालेला की बोर्डचा ट्रक, म्हणजे चाकांचा धातूचा आस, त्याला लागतच नव्हता. आणि रॅम्पच्या पायापाशी पेव्हर ब्लॉक. स्केटबोर्डचं चाक साधारण पन्नास-पंचावन्न मिलिमीटर व्यासाचं, कडक पॉलियुरेथेनचं. मोटारसायकलला जी फट जाणवतही नाही, तिथे हे चाक अडतं. बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे जातो. तिथली मुलं मला दुखावलेली मनगटं दाखवत होती. त्या पार्कची दुरुस्ती झाली नाही, होण्यासारखी नव्हती. सगळं फोडावं लागलं.

म्हणून कनिष्ठ अभियंत्याला नकाशासोबत आणखी एक कागद द्या. त्यात रॅम्पचं काम दरसूचीबाहेरची स्वतंत्र आयटम म्हणून मागा. याला वाट आहे. दरसूचीत नसलेल्या कामासाठी तीन कोटेशन मागवून दर पृथक्करण करतात, म्हणजे साहित्य आणि मजुरीवरून दर काढतात, आणि त्याला तांत्रिक मान्यता घेतात. अभियंत्याला हे माहीत असतं, पण त्याचं काम वाढतं म्हणून तो टाळतो. कोटेशन कोणाकडून मागवायची याची माहिती तुम्ही पुरवली की त्याचा निम्मा भार उतरतो. देशात स्केट पार्क बांधणारे थोडे का होईना, पण आहेत. बेंगळुरूच्या होलीस्टोक्डसारखे स्वतः स्केटबोर्ड चालवणारे गट हे काम करतात.

दुसरी मागणी निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यातली, म्हणजे ठेकेदाराची पात्रता तपासतात त्या भागातली. मुख्य ठेकेदार कोणीही असो, रॅम्पची घडण आणि घोटाई करणाऱ्या टोळीने आधी किमान एक काँक्रीट स्केट पार्क केलेला असावा, अशी अट घालता येते. अट फार कडक केली तर एकच निविदा येते आणि फेरनिविदा काढावी लागते. म्हणून ‘उपठेकेदार चालेल’ असं स्पष्ट लिहा. स्थानिक ठेकेदार खोदाई, भराव, गटार करेल आणि वक्र काम जाणकार करतील.

तिसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नमुना भाग. मुख्य कामाआधी साइटवरच दोन मीटर रुंदीचा रॅम्पचा एक तुकडा पूर्ण उंचीचा, पाइपसकट बांधायचा. तो किमान सात दिवस भिजवायचा, वाळू द्यायचा आणि मग त्यावर तुम्ही बोर्ड चालवून बघायचं. पास झाला तर तोच पार्कचा भाग होतो. नाही झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने फोडून पुन्हा करायचा. हे एक कलम निविदेत आलं, तर बाकीच्या दहा गोष्टी आपोआप सरळ होतात, कारण ठेकेदाराला सुरुवातीलाच कळतं की हे रस्त्याचं काँक्रीट नाही.

जागेचं गणित हिशेबानेच करू. शिकाऊ आणि मध्यम मुलांसाठी मी १.२ मीटर उंचीचा क्वार्टर पाइप (एका बाजूने वर चढणारा वक्र रॅम्प) धरतो आणि वक्राची त्रिज्या २.१ मीटर. या मापात रॅम्प जमिनीवर जवळपास १.९ मीटर लांबी खातो आणि वर पोचताना उतार सुमारे ६५ अंशांचा होतो. चढता येतं, भीतीही वाटत नाही. हौसेने त्रिज्या १.२ च केली तर तोच रॅम्प माथ्यावर भिंतीसारखा सरळ उभा राहतो आणि नवं मूल पहिल्याच दिवशी पाठीवर पडतं. रॅम्पच्या वर उभं राहायला दीड मीटरचा ओटा लागतो. समोरासमोर दोन रॅम्प धरले तर ओटे आणि वक्र मिळून ६.८ मीटर झाले. तुमची लांबी ६० फूट, म्हणजे १८.३ मीटर. मधे साडेअकरा मीटर सपाटी उरते. दोन रॅम्पमध्ये सहा-सात मीटर सपाटी असली तरी भागतं, म्हणजे तुमच्याकडे मधे एक लेज (कडेवरून बोर्ड घासत न्यायचा कट्टा) किंवा ठेंगणा बॉक्स बसवायला जागा आहे. रुंदी ३० फूट. तिच्यात दोन समांतर मार्ग बसतात, तीन नाही.

म्हणजे या कोपऱ्यात अख्खा पार्क होत नाही, समोरासमोरच्या रॅम्पची एक चांगली जोडी होते. दहा-बारा जणांना ती पुरेल. पण नाशिकमध्ये एकदा जागा झाली की संध्याकाळी चाळीस मुलं येतील, आणि गर्दीत धडका होतात. पाच-सहा हजार चौरस फूट मिळाले तर मी ते घेईन, पण मिळेपर्यंत हा कोपरा सोडणार नाही. अर्जात ‘पहिला टप्पा’ असा शब्द घाला आणि शेजारची जागा दुसऱ्या टप्प्यासाठी नकाशावर तुटक रेषेने दाखवा. फाइलवर एकदा रेष आली की पुढच्या नगरसेवकालाही ती दिसते.

दोन रॅम्पपैकी एक १.२ मीटरचा आणि दुसरा ०.९ चा ठेवा. लहान मुलं आणि नव्याने शिकणाऱ्या मुली ठेंगण्या बाजूने सुरुवात करतात.

बाऊल, म्हणजे वाडग्यासारखा खोलगट खड्डा, नको. हे ऐकून वाईट वाटेल, पण कारण ऐका. बाऊल खाली खोदावा लागतो आणि त्याच्या तळातून पाणी आपोआप वाहून गेलं पाहिजे. आपल्या बहुतेक बागा सपाट आहेत आणि बाहेरचं पावसाळी गटार फार खोल नसतं. बाऊलचा तळ गटाराच्या खाली गेला की पंप लागतो, पंप बंद पडतो आणि सप्टेंबरमध्ये त्यात डासांची पैदास होते. डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले की पहिली मागणी येते, ‘हा खड्डा बुजवा.’ उतारावरची जागा असेल तर गोष्ट वेगळी. सपाट बागेत सगळं जमिनीच्या वर बांधा.

तुमच्यातल्या एकाने गोदाकाठची जागा सुचवली आहे. संध्याकाळी तिथे सुंदर वाटतं, मान्य. पण निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठी सरकारने आखलेल्या पुराच्या हद्दीच्या आत बांधकामाला परवानगीच अवघड, आणि मिळाली तरी मी बांधणार नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, हे अख्खं गाव बघायला जातं. २००८, २०१६, २०१९ आठवा. पूर ओसरल्यावर वीतभर गाळ उरतो आणि त्यातला बारीक खडा सांध्यांत जाऊन बसतो. शिवाय भरावाखालची माती वाहून गेली की वरचं काँक्रीट अधांतरी राहतं.

आता काँक्रीट की लोखंड. तयार लोखंडी रॅम्प पटकन येतात, हलवता येतात. पण एप्रिलच्या उन्हात पत्रा हात लावू देत नाही, पावसात गंजतो, आवाज फार होतो आणि स्क्रू सैल झाले की कडा वर येतात. तात्पुरते असतील तर ठीक. महापालिकेचा पैसा एकदाच मिळणार असेल तर काँक्रीट.

काँक्रीटचं प्रमाण ऐकून अभियंत्याला आश्चर्य वाटेल. १५० मिलिमीटर जाडी धरली तर तुमच्या सगळ्या कोपऱ्याला तळ आणि रॅम्प मिळून पंचवीस-तीस घनमीटर लागतं, म्हणजे सहा घनमीटरच्या पाचेक गाड्या. एखाद्या बंगल्याचा स्लॅब यापेक्षा मोठा असतो. पैसा जातो तो खालच्या तयारीत, सळईत, फरम्यांत (साच्यांत) आणि कारागिरांच्या हातांत. नेमका आकडा मी इथे देत नाही, कारण तो तुमच्या जमिनीवर ठरेल. काळी माती निघाली तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं काँक्रीट उचलते. ती किमान दोन फूट काढून मुरूम भरायचा, सहा-सहा इंचांचे थर, पाणी आणि रोलर. थेट मुरूमच लागला तर हा खर्च बराच वाचतो. म्हणून आधी दोन ठिकाणी कुदळीने तीन फूट खणून बघा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्याचे फोटो एस्टिमेटला जोडता येतात.

मिश्रण एम-३० (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), आणि रॅम्पसाठी ते घट्ट हवं. नेहमीच्या पंपाचं पातळ काँक्रीट वक्रावर टिकत नाही, खाली सरकतं. मोठ्या रॅम्पला शॉटक्रीट करतात, म्हणजे काँक्रीट नळीतून दाबाने फवारतात. तुमच्या उंचीला हाताने लावलं तरी चालतं. प्लायवूडचे फरमे हव्या त्या त्रिज्येत कापून दोन्ही बाजूंना उभे करायचे, माथ्यावर पाइप आधीच वेल्ड करून पक्का करायचा आणि सरळ पट्टी फरम्यावरून ओढत आकार काढायचा. पाइप ६० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा, आणि तो पृष्ठभागापासून पाच ते आठ मिलिमीटर बाहेर हवा. कमी असेल तर जाणवत नाही, जास्त असेल तर चाक अडकतं. पाइप कापणं, वेल्डिंग, लेजच्या कडेचा अँगल, ही कामं अंबडमधला कोणताही बरा फॅब्रिकेटर करून देईल.

घोटाईची वेळ हाच या कामाचा प्राण आहे. डिसेंबरमधल्या एका कामावरची सकाळ सांगतो. साडेसातला गाडी आली, नऊपर्यंत आकार निघाला आणि मग आम्ही काही न करता नुसते बसून होतो. ठेकेदाराचा मुकादम अस्वस्थ: ‘साहेब, माणसं रिकामी बसलीत.’ मिस्त्री दर दहा मिनिटांनी अंगठा दाबून बघत होता. वर आलेलं पाणी उडून गेलं, अंगठ्याचा ठसा अगदी हलका उमटायला लागला, तेव्हा त्याने लोखंडी थापी हातात घेतली. मग मात्र दुपारी तीनपर्यंत तो उठला नाही. खालून वर एक हात, वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा एक हात. शेवटच्या हाताला थापीचा आवाज बदलतो, काचेवर घासल्यासारखा येतो. तो आवाज आला म्हणजे पृष्ठभाग बंद झाला. मे महिन्यात हीच वेळ हातात सापडत नाही, वरचा थर अर्ध्या तासात कोरडा होतो आणि खाली ओला राहतो. म्हणून आपल्याकडे हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा.

मिस्त्रीला दोन सवयी सोडायला लावा. एक, चमक यावी म्हणून वर कोरं सिमेंट भुरभुरवणं. तो थर वर्षभरात साल निघाल्यासारखा निघतो. दोन, झाडूच्या रेघा. घसरू नये म्हणून अधिकारीच तसं सांगतात, कारण रस्त्याला आणि फुटपाथला ते बरोबर असतं. इथे गुळगुळीत हवं, पण रंग किंवा इपॉक्सी नको, थोड्याशा ओलाव्यावर त्यावरून चाक सटकतं. मग दहा दिवस ओलं गोणपाट. वक्रावर पाणी थांबत नाही, म्हणून नुसतं पाइपने पाणी मारून भागत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी सपाटीवर कुठेही ठेवा. पट्टीखाली एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकली तर तिथे तीन मिलिमीटरचा खळगा आहे. तेवढंच सहन करायचं. पाण्यासाठी सगळ्या तळाला एक टक्का उतार एकाच दिशेने, आणि जाळीचं गटार खेळण्याच्या मार्गाच्या बाहेर. सांधे यंत्राने कापलेले, तीन-चार मिलिमीटरचे, काँक्रीट घातल्यापासून दिवसभराच्या आत. उशीर झाला तर भेग तिची जागा स्वतः निवडते.

‘कोणी पडलं तर जबाबदार कोण?’ हा प्रश्न बैठकीत येणारच. तो रास्त आहे, त्याला उडवून लावू नका. हेल्मेटची सक्ती, दहा वर्षांखालच्या मुलांसोबत पालक, ओल्या पृष्ठभागावर बंदी, आणि दोन मार्गांच्या मधे बसायला मनाई, असा मराठीतला ठळक फलक लावा. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार गावी २०१५ मध्ये काँक्रीटचा स्केट पार्क झाला. तिथले दोन नियम मला फार आवडतात: शाळा बुडवली तर स्केटबोर्ड नाही आणि मुलींचा नंबर आधी. गावातली मुलं ते पाळतात. तुम्हीही तुमचे दोन-तीन नियम आधीच लिहून न्या.

आजूबाजूच्या इमारतींतल्या ज्येष्ठांशी तुम्ही स्वतः जाऊन बोला. बोर्डची शेपटी काँक्रीटवर आपटते तो आवाज दुपारच्या झोपेत खरंच त्रास देतो. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ अशी वेळ स्वतःहून कबूल करा. उन्हाळ्यात मधल्या वेळेत तुम्ही खेळणारही नाही. कोपरा बागेच्या आतल्या बाजूला न घेता रस्त्यावरून दिसेल असा घ्या. मुलींच्या घरचे निश्चिंत राहतात, आणि रात्रीच्या बाटल्या फुटत नाहीत. काच हा या जागेचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

आणि मंडप. सपाट काँक्रीट दिसलं की गणपती, नवरात्र, वाढदिवस, सगळ्यांना तिथे मंडप हवा असतो आणि खांबासाठी ड्रिलने भोकं पडतात. एक भोक म्हणजे एक पडलेलं मूल. ‘कार्यक्रमास देऊ नये’ हे वाक्य ठरावातच घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. रोजची झाडलोट उद्यान विभागाच्या कामगाराच्या यादीत लिहून घ्या, पण झाडू तुमच्याजवळही ठेवा.

वेळेबद्दल एक सूचना. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे चांगल्या टोळ्या आणि रेडी मिक्सच्या गाड्या अडकलेल्या असतात. लहान कामाला कोणी नीट वेळ देत नाही. कागदपत्रं, खणून बघणं, कोटेशन, नमुन्याचं कलम, हे सगळं आत्ता उरकून घ्या. घाईत मिळालेल्या ठेकेदारापेक्षा एक हिवाळा थांबणं परवडतं.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. १२ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायचा, चार फूट रुंद आणि दोन फूट उंच असा एक रॅम्प बनवा. त्रिज्या १.८ मीटर धरली तर बरा चढतो. टेम्पोत घालून तो बागेच्या त्याच कोपऱ्यात एका रविवारी सकाळी न्या आणि कनिष्ठ अभियंत्याला चहाला बोलवा. त्याला बोर्डवर उभं करा, दोन्ही हात धरा आणि पेव्हर ब्लॉकवरून पाच फूट ओढत न्या. मग तसंच गुळगुळीत फरशीवरून न्या. पायाखालचा फरक त्याला कळला की एस्टिमेटमधल्या पेव्हरवर तो स्वतः काट मारेल. खोदून काय निघालं त्याचे फोटो आणि जागेचा मोजलेला कच्चा नकाशा पाठवा, सांधे आणि उतार मी आखून देतो.